मस्कत आणि फडक्यातला भात

सर्व वाचकांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की आमच्या आंबागडहून मस्कत हे भंडाऱ्यापलीकडच्या शहापूरपेक्षा जवळ आहे. हा शोध ऐंशीच्या दशकात आमच्या काकांच्या ओसरीवर लागला, आणि लावणारा मीच असल्यामुळे शंकेला जागा नाही.

त्याचं असं झालं. काकांच्या धाकट्या लेकीला तुमसरचं स्थळ आलं. मुलगा मस्कतला वायरमन, सुट्टीवर आलेला. पाहायला येऊन गेला त्या दिवशी आमच्या या चुलत बहिणीनं त्याची कपबशी कुणाला घासू दिली नाही. ती तयार, काकू तयार, गाव तयार. अडले फक्त काका.

लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरी जेवायचं नाही, हा आमच्याकडचा रिवाज, आणि काका तो कडक पाळत. थोरलीला भेटायला शहापूरला जातानाही घरचा भात फडक्यात बांधून नेत. त्यामुळे स्थळ जोखायचं त्यांचं माप एकच : भात आंबायच्या आत पोचता आलं पाहिजे.

"मस्कतले जाईपर्यंत भाताची काय गत होईल?" ते बैठकीत मुलाच्या मामांना म्हणाले. "मले उपाशी ठेवता का?"

मामा टोपी चाचपू लागले. दाराआड बांगड्या वाजल्या. मग मी उभा राहिलो. उभं राहायची गरज नव्हती. पण असले शोध बसून जाहीर करता येत नाहीत.

"काका, शहापूरले किती टाइम लागते?"

"तुमसरले एसटी बदला, भंडाऱ्याले बदला. दुपार होते."

"अन् मुंबई ते मस्कत सोळाशेक किलोमीटर. विमानानं तीन घंटेबी नाही! तुमची एसटी भंडाऱ्याले टेकत नाही, तोवर तुम्ही समुद्रापार!"

मामांनी मांडीवर थाप मारली. "पोट्टा बराबर सांगून राहिला!"

काकांनी डोळे मिटून भाताचा विचार केला. "तीन घंट्यात तर गरमच राहते," ते म्हणाले आणि चक्क हसले. मी विजयानं सुपारीच्या ताटाकडे हात नेला.

"पन का रे," काकांनी विचारलं, "विमान तुमसर रोड टेसनावरून सुटते का?"

माझा हात ताटावरच थांबला.

"मुंबईलेच आगगाडीनं एक रात अन् वर अर्धा दिवस. भात तर विमान दिसायच्या आधीच आंबला!"

मी बसलो. मामांनी पिशवी जवळ ओढली. "जेवून जा मामाजी," काका हळहळत म्हणाले, "पन पोरगी काही एवढ्या दूर..."

त्या घरात पोरी बैठकीत येत नसत. पाण्याचा तांब्यासुद्धा दाराआडून सरकवत. ते दार धाडकन उघडलं.

"बाबूजी, तांदूळ कच्चेच न्या ना! मुंबईले शिजवा, अन् मंग बसा विमानात!"