शेवटचा ल

थायलंडमधल्या नोंग सिम गावच्या शाळेत घंटा म्हणून जे आहे ते ट्रकच्या चाकाचं जुनं लोखंडी रिम. चिंचेच्या फांदीला ते दोरखंडाने टांगलंय आणि गेली एकवीस वर्षं शाळेचे शिपाई ता फेंग त्यावर पान्याने ठोके देत आलेत. ता म्हणजे आईचे वडील. शाळेतली एकेचाळीसच्या एकेचाळीस मुलं त्यांना ता म्हणतात, पण ते खरे ता एकीचेच. ती चौथीतली बेल.

बेलचं नाव ख्रू लामदुआन यांनी ठेवलेलं. ख्रू म्हणजे शाळेच्या बाई. दहा वर्षांपूर्वी एका सकाळी, झेंड्याला नमस्कार करून मुलं वर्गात शिरत असताना, ता फेंग हातातल्या पान्यासकट त्यांच्या दारात येऊन उभे राहिले.

“ख्रू, लेकीला मुलगी झाली. पहाटे.”

“अरे वा. कशी आहे?”

“लाल आहे. ओरडते.” ता जरा घुटमळले. “मोठं नाव देवळातले भिक्खू काढून देतील. हाक मारायचं तुम्ही द्या. इंग्रजी पाहिजे. हल्ली सगळ्यांच्या नातवंडांची इंग्रजीच असतात. आमच्या शेजारणीच्या नातवाचं गोल्फ ठेवलंय. पण मला म्हणता येईल असं बघा.”

ख्रूंच्या टेबलावर पुठ्ठ्याच्या कार्डांचा गठ्ठा होता. साबणाच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून त्यांनीच तो बनवलेला. वर जुन्या कॅलेंडरातलं चित्र, मध्ये इंग्रजी शब्द, खाली थाई अक्षरांत त्याचा उच्चार. अगदी वरच्या कार्डावर त्यांनी हाताने काढलेली घंटा होती.

“बेन,” ख्रू म्हणाल्या. “म्हणजे घंटा. तुम्ही वाजवता ना, ती.”

ता फेंगनी दोनदा म्हणून पाहिलं. बेन. बेन. मग सगळे दात दिसतील असं हसले. “वाजवली की सगळी पोरं येतात. चांगलं आहे.”

नाव बेल, पण हाक बेन. तिकडच्या जिभेवर शब्दाच्या टोकाला आलेला ल न होऊनच बाहेर पडतो, आणि कानही त्याच जिभेच्या घरचे, त्यामुळे दोघांनाही यात काही निराळं वाटलं नाही.

ख्रू लामदुआन मुळात शिवणकाम आणि घरकाम शिकवायला आलेल्या. त्या आल्या त्याच वर्षी इंग्रजीचे मास्तर बदलून गेले, ते गेलेच. मुख्याध्यापक म्हणाले, “ख्रू, तुमचं अक्षर चांगलं आहे, इंग्रजी तुम्ही घ्या.” चांगल्या अक्षरावर चौतीस वर्षं निघाली. आधी पुठ्ठ्याची कार्डं, मग भिंतीवरच्या टीव्हीतून येणारे दूरच्या शाळेचे धडे, आणि निवृत्तीला वर्ष राहिलं असताना तालुक्याच्या प्रशिक्षणात मिळालेला हिरवा पोपट.

पोपट एका संकेतस्थळावर राहायचा. टॅबलेटवर चित्र यायचं, पोपट शब्द म्हणून दाखवायचा, मग मुलाने म्हणायचा. बरोबर आला की पोपट पंख पसरायचा. चुकला की मान हलवायचा, आणि आपल्याला काय ऐकू आलं ते खाली लिहून दाखवायचा, शेजारी त्याचं चित्रही. ख्रू रोज संध्याकाळी घरच्या बांबूच्या बाजेवर बसून फोनवर दुसऱ्या दिवशीचे शब्द आधी स्वतः करून बघत. भात वाफेवर असायचा आणि ख्रू पोपटापुढे आंबा, केळं, पेन्सिल म्हणत बसायच्या. एखादा शब्द नाहीच जमला तर तो धड्यातून गुपचूप वगळून टाकायच्या. वर्गापुढे चुकायची त्यांना मनापासून भीती होती, आणि ती कोणाला कळू नये म्हणून त्या चौतीस वर्षं फार काळजीपूर्वक वागल्या होत्या.

‘शाळेतल्या वस्तू’ हा धडा जुलैत आला. त्या दिवशी घरी वीज नव्हती, म्हणून आधी करून बघायचं राहून गेलं. ग्रंथालयाच्या खिडकीशी नेट चांगलं लागतं, तिथे चौथीची नऊ मुलं टॅबलेटभोवती दाटीवाटीने बसली. पडद्यावर घंटा आली आणि एकच गलका झाला.

“ए बेन, तू आलीस, तू आलीस.”

“सरका, तिचं तिला म्हणू दे.”

बेल पुढे झाली. वेणी मागे टाकली, मान वर केली. हा एक शब्द तरी तिला कोणी शिकवायला नको होता.

“बेन,” ती म्हणाली.

पोपटाने मान हलवली. खाली अक्षरं उमटली: बी, ई, एन.

तिला वाटलं आवाज लहान पडला. तिने मोठ्याने म्हटलं. पुन्हा मान, पुन्हा तीच अक्षरं. तिसऱ्यांदाही.

“बेन म्हणजे तो शेजारच्या गावातला गोरा परदेशी, फरांग,” गोल्फ म्हणाला. “टकला. उघडाच मोटरसायकलवर फिरतो तो. पोपट म्हणतो, तू तो आहेस.”

वर्ग खाली वाकून वाकून हसला. बँक नावाच्या मुलाने पोट पुढे काढून मोटरसायकल चालवून दाखवली. बेलही थोडं हसली, पण ते हसू चेहऱ्यावर फार वेळ टिकलं नाही. ती मागे जाऊन बसली. ख्रूंनी पुढचं चित्र लावलं. पोपट नेमकं कशाला चूक म्हणतोय ते त्यांच्याही कानाला कळलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी हजेरीच्या वेळी बेल उठून उभी राहिली.

“ख्रू, मला कान्यारात म्हणा.”

कान्यारात हे तिचं मोठं नाव, कागदावरचं. ते दाखल्यावर आणि लसीच्या पुस्तकात असायचं. त्या नावाने हाक मारली की पोर जणू कचेरीत उभं आहे असं वाटायचं.

“का गं, बेन?”

“ते नाव चुकीचं आहे,” ती म्हणाली आणि खाली बसली.

त्या संध्याकाळी ख्रूंनी घरी पोपटापुढे बसून तो एक शब्द चाळीस वेळा म्हटला. चाळीस वेळा बी, ई, एन. मग त्यांनी शब्दांचे उच्चार तोंड उघडून दाखवणाऱ्या एका बाईचा व्हिडिओ शोधला. ती जीभ वरच्या दातांमागे टेकवून तशीच ठेवत होती. ख्रूंनी हातात आरसा घेतला. जीभ टेकली, पण आवाज नाकात जाऊन बसला. एका पोरीने आपलं नाव टाकून दिलं होतं, ते नाव आपण दिलं होतं, आणि तिला परत द्यायचं तर आपल्याला ते म्हणताही येत नव्हतं. सप्टेंबरअखेर निवृत्ती. दोन महिने हातात होते.

आठवडाभर बेलने इंग्रजीच्या तासाला तोंड उघडलं नाही. शुक्रवारी मधल्या सुट्टीत चिंचेखाली ता फेंग चिकट भाताची टोपली उघडून बसले होते, त्यांनी ख्रूंना हाक मारली.

“पोर घरात बेन म्हटलं की ओ देत नाही, ख्रू. कान्यारात म्हण म्हणते. माझ्या तोंडात मावत नाही ते. काय झालंय तिला?”

ख्रू त्यांच्या शेजारी बसल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं, पोपटापासून फरांगपर्यंत.

“म्हणजे नाव चुकलं?”

“मी चुकले, ता. मी म्हणून दाखवलं तेच चुकीचं होतं.”

ता बोटांनी भाताचा गोळा मळत राहिले. “पोपट कुठला?”

“इंग्रजी बोलणाऱ्यांचा कुठला तरी.”

“मग त्याला आपलं काय कळतं.”

“शब्द त्यांचा आहे ना.”

“पोर तर आपली आहे.” त्यांनी गोळा तिखट चटणीत बुडवून तोंडात टाकला. “बरं, त्याचं म्हणणं काय आहे, ऐकवा.”

ख्रूंनी फोन त्यांच्या कानाशी धरला. पोपटाने शब्द म्हटला. तांनी तीनदा ऐकला. मग हात पुसत उठले, डावा तळवा रिमवर टेकवला आणि उजव्या हाताने पाना मारला. ठण्. आवाज जागच्या जागी मेला.

“हे तुमचं आमचं,” ता म्हणाले. मग तळवा काढला आणि पुन्हा मारला. या वेळी रिम थरथरत राहिलं, आवाज लांबत गेला, पातळ होत होत चिंचेच्या पानांत गेला. “आणि हे पोपटाचं. तो हात लवकर ठेवत नाही, एवढंच.”

सुट्टी संपली असं वाटून पोरं चारी बाजूंनी धावत आली.

“अजून नाही, जा,” ता ओरडले. “माझा भात खाऊन झाला की वाजवतो.”

सोमवारी ख्रूंनी टॅबलेट खिडकीशी ठेवला आणि स्वतःच त्याच्यापुढे बसल्या. “आज आधी मी,” त्या म्हणाल्या. त्यांनी घंटेचं चित्र लावलं. “बेन.”

पोपटाने मान हलवली. बी, ई, एन. गोल्फने तोंडावर हात दाबून धरला होता.

“हसा की,” ख्रू म्हणाल्या. “मी पण फरांगच. मोटरसायकल तेवढी नाही.”

मग जो हशा उठला त्यात त्या स्वतःही हसल्या, आणि इतकी वर्षं ज्याला आपण भ्यालो ते एवढंच होतं की काय, असं त्यांना वाटून गेलं. त्यांनी एकेकाला बोलावलं. सगळेच बेन निघाले. “आता आपापली नावं म्हणा,” ख्रू म्हणाल्या. गोल्फ ऐटीत पुढे आला आणि “कॉप” म्हणाला. पडद्यावर निळ्या टोपीतला पोलीस उभा राहिला. बँकने “बँग” म्हटलं तर फटाका फुटला.

“पोलीसदादा, याला पकडा, हा फटाके फोडतो,” कोणीतरी म्हणालं.

बेल मागेच बसली होती, पण मान उंच करून बघत होती.

ख्रू सगळ्यांना चिंचेखाली घेऊन गेल्या. टॅबलेट खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. “कान्यारात, पाना धर,” त्या सहज म्हणाल्या. “तुझ्या हाताला सवय आहे.”

बेलने तांकडून पाना घेतला.

“ती मारेल. जीभ वर टेकवायची, आणि रिम वाजतंय तोवर खाली आणायची नाही. नाकातून नाही, जिभेच्या दोन्ही बाजूंनी आवाज सुटू द्यायचा.”

बेलने ठोका दिला. नऊ तोंडं उघडली आणि वर्गाचा आवाज गुंगत राहिला. पुन्हा ठोका. पुन्हा. मुलं हसून हसून मध्येच तुटत होती, कोणाची लाळ गळाली. बेलने दुसरा हात रिमजवळ नेला होता, न टेकवता. थरथर बोटांना कळेल इतका जवळ. रिम गप्प झालं तरी तिचे ओठ उघडेच होते. मग कोणाकडे न बघता ती खिडकीकडे वळली आणि हळूच म्हणाली.

“बेल्ल.”

पोपटाने पंख पसरले.

गोल्फ पडद्याकडे बघून मग तिच्याकडे बघत राहिला. “परत म्हण,” तो म्हणाला, आणि त्यात थट्टा नव्हती. तिने परत म्हटलं. पंख पुन्हा पसरले.

“ख्रू, आता तुम्ही,” बेल म्हणाली.

ख्रूंनी म्हटलं. पोपटाने मान हलवली.

“जीभ लवकर सोडताय,” पोर अगदी ख्रूंच्याच सुरात म्हणाली. “घाई नको. पुन्हा.”

पाच वेळा झालं, पाचही वेळा मान.

“माझी जीभ साठीला आली गं.”

“मग रोज मधल्या सुट्टीत पाच वेळा. सप्टेंबरपर्यंत येईल.”

वर्ग सुटल्यावर ख्रूंनी कपाटाच्या तळातून जुना पुठ्ठा काढला. घंटेची शाई फिकी झाली होती. त्यांनी तो बेलपुढे धरला. “खाली मी काय लिहिलंय, वाच.”

“बेन,” बेलने वाचलं.

“शेवटचं अक्षर कुठलं?”

बेलने त्यावर बोट ठेवलं. ते ल होतं. तिकडे असंच लिहितात. टोकाला ल लिहायचा आणि वाचायचा न. वाचताना कोणी त्याच्याकडे वळून बघत नाही.

“ल आहे,” ती म्हणाली. मग जरा थांबून, “आधीपासून?”

“तू जन्मलीस त्याच्याही आधीपासून. नाव चुकीचं नव्हतं, बाळा. मला पुरतं म्हणता येत नव्हतं.”

बेलने पुठ्ठा घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि दप्तरात वह्यांच्या मध्ये सरळ उभा ठेवला.

साडेतीनला ता फेंगनी शेवटचे ठोके दिले. मुलं फाटकाकडे पळाली. ता पाना कमरेला खोवून सायकलपाशी उभे होते. त्यांनी वर्गाकडे तोंड करून हाक मारायला तोंड उघडलं, मिटलं, ते लांबलचक कागदी नाव जुळवून पाहिलं. “कान्या… कान्यारा…” मग त्यांनी नाद सोडला. “बेन, चल गं, भूक लागलीय.”

ख्रू दारात थांबल्या. बेल पायरीवर चपला घालत होती. तिचा हात पट्ट्यावर क्षणभर थबकला.

“आले, ता,” ती म्हणाली.

चार पावलं जाऊन ती परत आली आणि ख्रूंच्या अगदी जवळ येऊन बारीक आवाजात म्हणाली, “त्यांना नका हं शिकवू, ख्रू. मला ऐकू येतो तो ल त्यांच्या तोंडून.”

सायकल चिंचेखालून गेली. मागच्या कॅरियरवर बसलेल्या बेलने जाता जाता हात लांबवून रिमला टिचकी मारली. ख्रू खिडकीपाशी परत आल्या, जीभ वर टेकवली, आणि तो आवाज कानात आहे तोवर शब्द म्हणून टाकला. पोपटाने मान हलवली. ख्रूंनी खुर्ची पुढे ओढली.