आधी वरवंटा

अंबरनाथ पश्चिमेला आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे गृहस्थ अवकाशात पाठवायच्या दुर्बिणीचं डिझाइन करतात. ताऱ्यांचे क्ष-किरण हवेतून खाली पोचत नाहीत, म्हणून ती वर न्यायची. बोलण्याआधी ते नेहमी थांबतात, वाक्य मनात तपासून घेतल्यासारखे.

माझ्या मुलीच्या बारशाला ते दाराशी उभे होते. माझ्या आईने रीतीप्रमाणे पाळण्यात आधी वरवंटा ठेवला. ते पाहून हा अबोल माणूस पुढे आला आणि पाळणा धरून गदागदा हलवू लागला.

"रॉकेटमध्ये असंच हादरतं, काकू. आम्हीपण आधी नुसतं वजन ठेवून हलवतो, मग खरी दुर्बीण. एकदा वर गेली की पाना घेऊन कोण जाणार?"

छताचा हुक पक्का होता. मग आईने मुलीला पाळण्यात घातलं.

"दुर्बीण कधी जाणार वर?" मी विचारलं.

ते थांबले. "मी रिटायर झालेलो असेन. ही कॉलेजात असेल."

मला कारखान्यातल्या पुढच्या पाळीपलीकडचं दिसत नव्हतं. माझी मुलगी मोठी झालेली सगळ्यात आधी त्यांनी पाहिली.