पान उलटायचं राहिलं

परळच्या आमच्या चाळीत पावसाळ्यात वर्षावासाचे तीन महिने रोज संध्याकाळी तळमजल्यावरच्या बुद्धविहारात धम्मग्रंथाचं वाचन व्हायचं. प्रत्येक घराचा एक दिवस ठरलेला. आमच्या घरातून आई वाचायची. पांढरी साडी, डोक्यावर पदर, एकेक शब्द खणखणीत. मी शाळेत फुशारकी मारायची, माझी आई सगळ्यांत छान वाचते म्हणून.

आमचा दिवस जवळ आला की आठवडाभर शेजारची मावशी दुपारी यायची आणि दार लोटून घ्यायची. मी डोकावले तर ओरडायची, "बायकांचं काम आहे. पळ तू."

दहावीच्या वर्षी मी आईला चिकटून बसले. वर्गात पहिला नंबर, शिष्टपणा अंगात मावत नव्हता. आई वाचत होती, माझी नजर पानावर. पान केव्हाच संपलं होतं. आईचं बोट शेवटच्या ओळीवर थांबलेलं, तोंड मात्र पुढचं म्हणत होतं. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "आई, अगं पान उलट ना!"

तिने घाईत दोन पानं एकदम उलटली. बोट कुठे ठेवावं तिला कळेना. आवाज बंद. आईला वाचता येत नाही हे मला तेव्हा कळलं. कोणी हसलं नाही. एक म्हातारे काका म्हणाले, "ताईंचा चष्मा बदलायला झालाय." आईला चष्मा नव्हताच. मावशीने ग्रंथ स्वतःकडे ओढला आणि उरलेलं वाचून काढलं.

आई पुन्हा कधी वाचायला बसली नाही. मीही विषय काढला नाही. कुठल्या तोंडाने काढणार? चारचौघांत तिची लाज काढली, हे मनाला वीस वर्षं खात राहिलं.

गेल्या वर्षी आई गेली. मावशी आता अँटॉप हिलला मुलाच्या सरकारी क्वार्टरमध्ये असते. भेटायला गेले तेव्हा एकदाचं बोलून टाकलं, "मावशी, माझ्यामुळे सगळ्या चाळीला कळलं."

मावशी भडकलीच. "येडी का काय तू? चाळीला काय कळायचं राहिलं होतं? रेशनच्या दुकानात अंगठा उठवताना सगळ्यांनी बघितलंय तिला."

"मग लपवत कोणापासून होती?"

मावशीने कप खाली ठेवला. "तुझ्यापासून गं. तू पहिलीत होतीस. घरी येऊन रडलीस, सगळ्यांच्या आया वाचतात, तू का नाही वाचत? तवापासून तुझी आई माझ्या मागं लागली, माझ्याकडून पाठ करून घे. दरवर्षी विहारात जाताना जिन्यातसुद्धा घोकत उतरायची. चुकली तर पोरगी बघेल म्हणून. सगळी चाळ मुकाट्यानं सांभाळून घ्यायची."

एवढी माणसं एका बाईचं खोटं किती मायेने जपत होती.

"मग नंतर का थांबली गं?" मी विचारलं. "पाठ तर होतंच ना तिला."

"मीपण तेच म्हटलं," मावशी म्हणाली. "तर म्हणते कशी, आता पोरीला कळलं. आता कोणासाठी वाचू?"