स्टिकरवाल्या मॅडमचा स्टिकर

मंडळी, आज मी सूड उगवलाय. सगळ्यांसमोर, हसतहसत.

मी लोअर परळच्या एका ऑफिसात अजाइल कोच आहे. दरवेळी साहेबांच्या तोंडाकडे न बघता टीमने आपसात बोलून काम पुढे न्यावं, ही सवय लावणं माझं काम. पहिल्याच दिवशी साहेबांनी ओळख करून दिली, “या स्टिकरवाल्या मॅडम. भिंतीवर स्टिकर चिकटवतात.” सगळे हसले. मी लालबागची. डूख धरला.

सकाळची मीटिंग उभ्याने करायची, म्हणजे ती लांबत नाही. साहेब मात्र खुर्चीत बसून मास्तरासारखे एकेकाची झाडाझडती घ्यायचे.

आज त्यांच्या वरच्या बाई मीटिंग बघायला आल्या. साहेबांची खुर्ची मी आधीच बाहेर काढून ठेवली होती.

“माझी खुर्ची कुठंय?”

“सर, उभ्याने करायचीय ना?”

साहेब फणफणत खुर्ची शोधायला गेले. तेवढ्यात पोरांनी आपसात बोलून मीटिंग संपवलीसुद्धा.

बाई म्हणाल्या, “मग रोज एवढा वेळ का लागतो?”

नेमके तेव्हाच साहेब खुर्ची ढकलत आत आले. काम कशाने अडलंय ते दाखवायला भिंतीवर ‘अडथळा’ लिहिलेला पिवळा स्टिकर असतो, तो मी काढला आणि खुर्चीच्या पाठीवर चिकटवला.

तुमच्या ऑफिसात कुठे चिकटवू, बोला?