वडूज ते शिराळा : मागच्या सीटवरचा पिवळा डाग

नागपंचमीला आप्पांना शिराळ्याला न्यायचं, हे मी उन्हाळ्यात गाडी घेतली तेव्हाच कबूल केलं होतं. आप्पा म्हणजे माझे वडील. आई गेल्यापासून वडूजला एकटे राहतात, थोडी कोरडवाहू जमीन बघतात. त्याआधीची सगळी हयात मेंढरांमागे गेली. शिराळ्याला त्यांची थोरली बहीण, माझी आत्या. पूर्वी पंचमीला आप्पा तिला माहेरी आणायचे. आता तिचे गुडघे एसटीची पायरी चढत नाहीत, म्हणून भाऊच साडी घेऊन तिच्याकडे जातो. ती मात्र पंचमीच्या आदल्या दिवशी अजून भावाचा उपवास धरते.

पहिला दिवस पुणे ते वडूज. साताऱ्यापर्यंत हायवे, पुढे कोरेगाव, पुसेगाव करत वडूज. रस्ता चांगला आहे, पण कोरेगावच्या बाजारात अडकलात तर अर्धा तास गेलाच म्हणून समजा. माझी गाडी पांढरी, सीट फिक्या रंगाच्या आणि वर मागच्या सीटपर्यंत जाणारा भलामोठा सनरूफ. या सनरूफचं मला कोण कौतुक. चैत्रात गावच्या यात्रेत मी त्यातून कमरेपर्यंत बाहेर उभी राहिले होते आणि दोन्ही हातांनी भंडारा उधळत रील काढली होती. आप्पा तेव्हा म्हणाले होते, "गाडीत लय सांडलाय, पुसून घे." मी सीट झटकल्या आणि विसरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वडूजहून औंधला गेलो. अंतर फारसं नाही. यमाईचं देऊळ टेकडीवर आहे, गाडी बरीच वर जाते, शेवटी पायऱ्या. आप्पांचे गुडघेही बहिणीसारखेच, म्हणून ते गाडीत मागे बसून राहिले आणि मी दर्शनाला गेले. गाडी चढावर, तोंड वर करून उभी होती. मी वर असताना पावसाची जोरदार सर येऊन गेली.

परत आले तर आप्पा बाहेर, देवळाकडे हात जोडून उभे. धोतर मागून ओलं. सीटवर ताटाएवढा ओला डाग, आणि तो पिवळा.

"आगं, वरनं थेंब पडत हुतं," आप्पा म्हणाले.

"आप्पा, काच बंद हाय. कुठनं पडंल?"

तरी मी आत शिरून काचेच्या कडेने छताला हात लावून पाहिला. कोरडं होतं. तेवढ्यावर माझं समाधान झालं, कारण दुसरं उत्तर माझ्याकडे तयारच होतं. मागच्या हिवाळ्यात आप्पांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं होतं. डाग पिवळा होता. वास घेऊन खात्री करायची माझी छाती झाली नाही, आणि तेच सांगायला मला सगळ्यात जास्त लाज वाटते. एकदा वाकले असते तरी सगळं टळलं असतं.

खाली गावात आल्यावर मी दुकानातून टेबलावर घालतात ते फुलाफुलांचं प्लॅस्टिक मीटरभर घेतलं आणि सीटवर अंथरलं. "सीट ओली हाय, म्हणून," असं म्हटलं. आप्पांनी प्लॅस्टिककडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि त्यावर बसले. त्याआधी दुकानाच्या आडोशाला जाऊन मी आत्याला फोनही केला होता, आप्पांच्या अंथरुणात प्लॅस्टिक घाल म्हणून. फार समंजसपणे वागतोय असं वाटत होतं मला.

औंध ते कराड रस्ता पुसेसावळीवरून. दोन्ही बाजूंना हिरवं, पण डांबर जागोजागी उखडलेलं, सावकाश चालवा. प्रत्येक वळणावर मागून प्लॅस्टिक करकरायचं. कराडला आम्ही जेवलो. झुणका, भाकरी, ठेचा, फक्कड होतं सगळं. आप्पांनी अर्धीच भाकरी खाल्ली. ताक नको म्हणाले, चहाही नको. वय झालंय, म्हटलं मी मनात.

कराडहून हायवेने पेठ नाक्याकडे निघालो. नाक्याच्या अलीकडे पुढचा ट्रक अचानक थांबला आणि मी करकचून ब्रेक दाबला. आरशाजवळच्या दिव्यातून भसकन पाणी आलं ते थेट माझ्या डोक्यावर, तिथून पांढऱ्या ओढणीवर. ओघळ पिवळा होता.

आरशात आप्पा दिसत होते. त्यांनीही पाहिलं होतं. खरं तर गाडी बाजूला घेऊन मी तिथेच त्यांची माफी मागायला हवी होती. मी फक्त गॅरेज शोधलं.

पेठ नाक्यावरचे शिवा मिस्त्री पन्नाशीचे, शांत गृहस्थ. माझं सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "मॅडम, सनरूफच्या रबरातनं थोडं पानी आत येनारच. ते कडंच्या पन्हाळीत पडतंय आन् चार कोपऱ्यांतल्या नळ्यांतनं गाडीखाली जातंय. नळी तुंबली की पानी छतात साठतंय. मग चढाला मागं, ब्रेकला फुडं."

"पण मी काचेजवळ हात लावला होता. कोरडं होतं."

"काचंजवळ कशाला गळंल? कोपऱ्यात बघायचं. दाराच्या वरच्या, धरायच्या हँडलपाशी हात घातलासा?"

नव्हता घातला. त्यांनी सनरूफ उघडला आणि पुढच्या दोन्ही कोपऱ्यांत बाटलीने थोडं थोडं पाणी ओतलं. चाकांपाशी लगेच धार लागली. मागच्या उजव्या कोपऱ्यातलंही खाली आलं. डाव्या कोपऱ्यातलं येईना. मग गाडी रॅम्पवर तोंड वर करून चढवली, आणि मागच्या हँडलशेजारून, बरोब्बर आप्पांच्या जागेवर, थेंब पडू लागले. मिस्त्रींनी एक बोटावर घेतला, चोळला, हुंगला.

"हळद हाय ही."

"भंडारा," मी म्हणाले.

त्यांनी आतलं अस्तर थोडं सोडवलं आणि खालच्या टोकाने बेताची हवा मारली. वर मळलेल्या कणकेसारखा पिवळा गोळा आला, त्यात झेंडूच्या पाकळ्या. यात्रेतली माझी ऐट सगळी त्या नळीत जाऊन बसली होती. "घरी तार घालू नगासा, आत नळी निसटती," मिस्त्रींनी बजावलं. पाचशे रुपये झाले.

आप्पा हे सगळं काठीवर भार देऊन बघत होते. गोळा पाहिल्यावर हळूच म्हणाले, "म्हंजी मी न्हवं."

तेव्हा मला कळलं की औंधपासून त्यांनाही तसंच वाटत होतं. थेंब अंगावर पडताना त्यांनी स्वतः पाहिले होते, तरी माझ्या एका प्लॅस्टिकने त्यांचा स्वतःवरचा विश्वास उडवला होता. म्हणून ताक नको, चहा नको. सकाळपासून तो माणूस तहानलेला बसला होता.

"आप्पा, चुकलं माझं," मी म्हणाले.

"ऱ्हाऊ दे. आता च्या घिऊया." दोन कप प्याले, वर तांब्याभर पाणी.

शिराळ्यात पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. (पंचमीला जाणार असाल तर आदल्या दिवशीच पोचा; गाडी गावाबाहेर लावून चालायची तयारी ठेवा.) आत्याने भावाला ओवाळलं, आप्पांनी साडी दिली. मग आप्पा कॉटवर टेकले आणि चादरीखालून करकर आवाज आला. परत फोन करून प्लॅस्टिक नको म्हणून सांगायचं माझ्या लक्षातच राहिलं नव्हतं. भावासाठी दिवसभर उपाशी असलेल्या बाईला मी हे काम लावलं होतं.

आता पळायला जागा नव्हती. मी दोघांसमोर सगळं सांगितलं, फोनसकट. आत्या उठली, प्लॅस्टिक ओढून काढलं आणि घडी करून माझ्या मांडीवर ठेवलं.

"पाऊस अंगावर घेत हयात गेली त्याची. पानी कुठनं येतंय ते त्याला कळत न्हाई व्हय गं?"

आप्पा म्हणाले, "आक्का, पोरीला बोलू नगं." त्याने मला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पंचमी करून आप्पांना वडूजला सोडलं आणि पुण्याला परतले. आता दर महिन्याला सनरूफ उघडून रबर आणि पन्हाळ ओल्या फडक्याने पुसते, चारही कोपऱ्यांत पेलाभर पाणी ओतते आणि गाडीखाली वाकून चार धारा मोजते. झाडाखाली गाडी लावत असाल तर तुम्हीही करा. पाला नि फुलोऱ्यानेही नळ्या अशाच तुंबतात. आणि गाडीतला कोणी वरून गळतंय म्हणाला, तर आधी कोपऱ्यांत हात घाला. डाग पुरता गेला नाही. सीटवर कव्हर घाला असं सगळे सांगतात, मी घातलेलं नाही.

दिवाळीला आप्पांना आणायला वडूजला गेले होते. निघताना शेजारच्या काकूंनी दोन कप चहा आणला. मी माझा घेतला. आप्पांनी त्यांचा कप ट्रेमध्ये परत सरकवला.

"नगं," म्हणाले. "गाडीत बसायचंय."