चौथी छत्री

गेल्या शनिवारी माझा नवरा विमानातून उडी मारणार होता. इथल्या डेझर्ट रोड नावाच्या हायवेजवळचा छोटासा विमानतळ... विमानतळ कसला, एक पत्र्याची शेड, एक धावपट्टी आणि चहूकडे वाळून पिवळं पडलेलं गवत. मी, मंदार आणि आमची अकरा वर्षांची इरा, फ्लॅट बुशमधल्या घरून सकाळीच निघालो होतो.

मंदार म्हणजे छपराचं गटर साफ करायला शिडीच्या तिसऱ्या पायरीवर चढला तरी मला शिडी धरायला लावणारा माणूस. पंचेचाळिसावा वाढदिवस जवळ आला आणि त्याने ठरवलं, ही भीती आता पुरे. बुकिंगसुद्धा स्वतःच केलं. मला इतकं कौतुक वाटलं... आणि तिथेच मी माती खाल्ली.

मी फॅमिली ग्रुपवर जाहीर करून टाकलं. आमच्या इथे दुपारी दोनला उडी, म्हणजे पुण्यात सकाळचे साडेसहा. सासूबाई, दोन्ही नणंदा, चिंचवडचे काका, सगळे चहाचे कप घेऊन व्हिडिओ कॉलवर हजर! मंदारने गॉगलचा पट्टा दोनदा तपासला.

पहिल्यांदाच उडी मारणारे चौघे होते, प्रत्येकाला एक इन्स्ट्रक्टर बांधलेला. विमान वर जाऊन ठिपक्याएवढं झालं. मग एक छत्री उघडली... दुसरी... तिसरी. फोनमध्ये टाळ्या सुरू झाल्या.

चौथी दिसेना.

"मम, आय कॅन ओन्ली सी थ्री," इरा म्हणाली. फोनमधून सासूबाई विचारत होत्या, "अगं, आपला मंदार कुठला यातला?"

तेवढ्यात विमान उतरलं आणि मंदार त्यातून चालत बाहेर आला. त्याचा चेहरा बघितला आणि मी आधी कॉल कट केला. त्या दिवसातलं माझं पहिलं शहाणपणाचं काम.

"दारात बसलो... पाय हललेच नाहीत," एवढंच म्हणाला. इन्स्ट्रक्टर "ऑल गुड, मेट" म्हणत पाठ थोपटून गेला. असं म्हणे 'हीप्स', म्हणजे ढिगाने लोकांचं होतं.

गाडीत बसून आम्ही थालीपीठ खाल्लं. माझा फोन सारखा थरथरत होता आणि मला स्वतःचाच भयंकर राग येत होता. आता घरी जायचं, असं धरून मी डबा आवरायला लागले. मंदारने दुसरं थालीपीठ शांतपणे संपवलं, हात पुसले आणि शेडमध्ये जाऊन विचारून आला. शेवटच्या फेरीत एक जागा होती.

"या वेळी फोन नको," तो म्हणाला. मी फोन बंद करून गाडीतच ठेवला.

पुन्हा गवतात उभ्या राहिलो, मी आणि इरा. पहिली छत्री... दुसरी... तिसरी... इराने माझा हात आवळला. आणि मग, बरीच मागून, चौथी!

"बाबा आला!" इरा एवढ्या जोरात ओरडली की शेडमधली माणसं बाहेर आली. लँडिंग चक्क बुडावर झालं. उठला तेव्हा गडी रडत होता आणि हसतही होता.

ग्रुपवर सगळे अजून फोटो मागताहेत. फोटो नाही, व्हिडिओही नाही. हे लिहितेय तेसुद्धा त्याला विचारूनच.

मंदार, परत वर गेलास... थँक यू. शिडी मात्र मीच धरणार.