साहेबाचा परतीचा शिक्का

पन्नासच्या दशकात पिंपरीच्या औषध कारखान्यात मी कारकून होतो. तिथला एक परदेशी साहेब नऊ महिने इथं राहायचा आणि तीन महिने मायदेशी जायचा. निघण्याआधी त्याच्या कागदांवर परतीचा शिक्का घ्यावा लागे, नाहीतर व्हिसासाठी तिकडून पुन्हा पहिल्यापासून अर्ज. साहेबाच्या ते लक्षातही नसायचं. दरवर्षी मीच पुण्याला पोलीस कचेरीत जाऊन शिक्का आणायचो.

एकदा माझ्या गेटपासची मुदत आदल्या दिवशी संपली होती. नवा पास आत माझ्याच टेबलावर पडला होता. रोज मला पाहणाऱ्या या साहेबानं मला गेटवर अडवलं, "नियम म्हणजे नियम," म्हणाला आणि दिवसभर उन्हात उभं केलं. ते गेट कुठं होतं? आमच्या बाजरीच्या रानात! जमीन कारखान्यात गेली म्हणून तर ही नोकरी मिळाली होती. दुपारी वडील भाकरी घेऊन आले. मला बाहेर बघून म्हणाले, "आपल्याच रानात शिरायला कागद लागतुया व्हय?"

त्या वर्षी मी शिक्का आणला नाही. साहेब खुशाल बोटीत बसला.

दिवाळीला त्याचं पत्र आलं. व्हिसा अडला होता, रोज तिकडच्या व्हिसा कचेरीच्या दारात उभा राहतो म्हणे. मी ते वडिलांना वाचून दाखवलं.

वडील म्हणाले, "त्याला लिव्ह, भाकरी घेऊन कोन येतंय का बघ म्हनावं."

मी तसंच लिहिलं.